भारतातून मूल दत्तक घेऊन अमेरिकेला न्यायचंय? आधी क्रम पक्का करा

अमेरिकेत राहणारी मराठी जोडपी भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवतात तेव्हा बरेच जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. नात्यातलं किंवा ओळखीतून कळलेलं मूल आधी 'ठरतं', मग वकील गाठला जातो, सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवलं जातं, पेढे वाटून होतात. त्यानंतर कुणाला तरी आठवतं, अरे, व्हिसाचं काय? आणि मग कळतं की जे हौसेनं आधी केलं, त्यानंच व्हिसाचा रस्ता बंद झालाय.

खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी तुमची पात्रता, मग अमेरिकेची परवानगी, मग भारतात नोंदणी, आणि मूल सगळ्यात शेवटी. दोन्ही देश हेग दत्तक करारात आहेत (भारतात तो 2003 पासून लागू आहे, अमेरिकेत 2008 पासून), आणि मूल कायद्यानं तुमचं होण्याआधी दोन्ही सरकारांनी होकार दिलेला असणं ही त्या कराराची मुख्य अट आहे. मागाहून होकार मिळवण्याची सोय जवळजवळ नाहीच.

हा लेख अमेरिकेपुरता आहे. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियासाठी भारताकडची बाजू साधारण हीच, तिकडचे फॉर्म वेगळे. आखातात राहणाऱ्या भारतीय नागरिकांचं काम तिथल्या भारतीय दूतावासामार्फत चालतं.

1. दोघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवा

सगळ्यात आधी नागरिकत्व बघा. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

अमेरिकेची हेग प्रक्रिया फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. जोडप्यापैकी किमान एक जण नागरिक हवा. दोघंही एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आय-800ए, म्हणजे पालक म्हणून अमेरिकेची मंजुरी मागणारा पहिला फॉर्मच, तुम्हाला भरता येत नाही. 'दत्तक झालं की एच-4 वर (एच-1बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आणू' असं बरेच जण गृहीत धरतात. पण इमिग्रेशन कायदा दत्तक मुलाला 'मूल' मानण्याआधी, सर्वसाधारणपणे, दोन वर्षं कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं एकत्र राहणं मागतो. म्हणजे दोघांपैकी एकानं मुलासोबत भारतात राहायचं, अशी वेळ येऊ शकते. त्याची तयारी नसेल तर नागरिकत्व मिळेपर्यंत थांबा. ऐकायला कठोर वाटेल, पण हेच आधी ऐकलेलं बरं.

भारताकडून मात्र गणित उलटं आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांना केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', रांगेत भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीनं धरतं. ओसीआय कार्डवाल्यांचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचा) नंबर त्यानंतर, परदेशी नागरिकांच्या आधी. मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं झाल्यावर 60 दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळालं नाही, तर ते आंतरदेशीय दत्तकासाठी खुलं होतं. विशेष गरजा असलेली, पाच वर्षांवरची आणि भावंडं असलेली मुलं आंतरदेशीय दत्तकाकडे अधिक वळतात. धडधाकट तान्ह्या बाळासाठी भारतातल्या कुटुंबांनाच तीन वर्षांहून जास्त वाट पाहावी लागते. ओसीआय जोडप्यानं वर्षभराचं बाळ हाच हट्ट धरला, तर रांग पुढे सरकताना दिसणार नाही.

एक अमेरिकन नागरिक आणि एक भारतीय पासपोर्टवाला असं जोडपं असेल, तर 'आम्हाला कोणत्या रांगेत धरणार?' हा प्रश्न एजन्सीला पहिल्याच फोनवर विचारा.

> तपासा: लग्नाला दोन वर्षं झाली आहेत का? मूल आणि तुमच्यातलं अंतर किमान 25 वर्षं आहे का? दोघांच्या वयाची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी 85, दोन ते चारसाठी 90, चार ते आठसाठी 100 आणि आठच्या पुढे 110 पेक्षा जास्त चालत नाही. एकट्या पालकासाठी हेच आकडे 40, 45, 50 आणि 55. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. घरात आधीच दोन मुलं असतील तर (नात्यातलं दत्तक सोडून) विशेष गरजांची किंवा सहज घर न मिळणारी मुलंच मिळू शकतात.

2. नात्यातलं मूल असेल तर आधी दोन प्रश्न

'भावाचं मूल घेतोय, मग एवढी कटकट कशाला?' असं वाटणं साहजिक आहे. पण इथेच सर्वात जास्त घरं पोळतात.

पहिला प्रश्न नात्याचा. बाल न्याय कायद्यात दत्तकापुरते 'नातेवाईक' म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. तुमच्या चुलतभावाचं मूल तुम्हाला कितीही जवळचं असलं तरी या व्याख्येत बसत नाही.

दुसरा प्रश्न अमेरिकेचा. मुलाचे दोन्ही जन्मदाते हयात असतील तर ते मुलाचा नीट सांभाळ करू शकत नाहीत, हे दाखवावं लागतं. भाऊ पुण्यात नोकरीला, वहिनी शाळेत शिक्षिका, फ्लॅट स्वतःचा, आणि 'तुम्हाला नाही, आम्हाला दोन आहेत, एक घ्या' हा प्रेमाचा व्यवहार व्हिसा अधिकाऱ्यापुढे टिकत नाही. भारतात सगळं कायदेशीर पार पडलं तरीही नाही. शिवाय आय-800, म्हणजे ठरलेल्या मुलासाठीचा पुढचा फॉर्म, मूल 16 वर्षांचं होण्याआधी दाखल व्हावा लागतो. सख्ख्या भावंडांसाठी यात थोडी सूट आहे.

दोन्ही उत्तरं अनुकूल असतील तरच पुढे जा. त्यानंतरही आय-800ए, जन्मदात्यांची संमती, मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कौटुंबिक अहवाल आणि काराची एनओसी हे सगळं लागतंच.

> सावधान: हिंदू दत्तक कायद्याखाली आधी दत्तकविधी आणि नोंदणी उरकून 'व्हिसाचं नंतर बघू' असं करू नका. तुम्ही अमेरिकेत राहत असाल तर हा क्रम हेग करारात बसत नाही. तालुक्याच्या वकिलाला दत्तकपत्र उत्तम करता येत असेल, पण व्हिसाची जबाबदारी तो घेत नाही.

3. एजन्सी: दोन्ही बाजूंचा शिक्का हवा

अमेरिकेत तुम्हाला अशी संस्था हवी जी तिथल्या केंद्रीय व्यवस्थेकडून आंतरराष्ट्रीय दत्तकासाठी मान्यताप्राप्त आहे *आणि* काराच्या अधिकृत परदेशी संस्थांच्या यादीतही आहे. एकच शिक्का असलेली संस्था गोड बोलून दुसऱ्या संस्थेबरोबर 'सहकार्यानं' काम करू म्हणते. होम स्टडीपुरतं (तुमच्या घराच्या पाहणीपुरतं) ते चालतं, भारतातल्या कामासाठी नाही. काराच्या संकेतस्थळावर नाव स्वतः शोधा.

करार करताना पुढचे प्रश्न लेखी विचारा: फी कोणत्या टप्प्यावर, परत किती मिळते, तुमच्या वयोगटात गेल्या दोन वर्षांत भारतातून किती मुलं आली, दत्तकानंतरच्या अहवालांचे वेगळे पैसे आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला आकड्याऐवजी कौतुक ऐकू आलं तर दुसरी एजन्सी बघा.

मूल जिथे असतं त्या भारतातल्या संस्थेला आंतरदेशीय दत्तकासाठी द्यायची रक्कम नियमानं ठरलेली आहे: 5,000 डॉलर, पावतीसह. त्यावर देणगी मागणं किंवा देणं दोन्ही बेकायदेशीर. 'संस्थेला पंखे हवे होते' अशा प्रेमळ सूचनांनाही नाहीच म्हणा.

4. होम स्टडी: इथे घाई नको, पण उशीरही नको

सोशल वर्कर घरी येते, दोघांना एकत्र आणि वेगवेगळं भेटते, पैसा, आजार, लग्न, बालपण सगळं विचारते. आपल्याकडच्या लोकांना हे परीक्षेसारखं वाटतं आणि ते पाठ केलेली उत्तरं देतात. तिला परिपूर्ण घर नको असतं, प्रामाणिक घर हवं असतं. नैराश्यावर घेतलेले उपचार, जुना घटस्फोट, कॉलेजातली पोलीस केस लपवली आणि नंतर निघाली, तर मूळ गोष्टीपेक्षा लपवणंच महागात पडतं. डिसमिस झालेली केसही सांगायचीच असते.

दहा तासांचं पालक प्रशिक्षण सक्तीचं आहे. बहुतेक जण ते ऑनलाइन मागे लावून ठेवतात. मोठ्या मुलाला घेणार असाल तर तरी नीट बघा.

आता मराठी घरांची खास अडचण. होम स्टडीत 'घरातले प्रौढ' म्हणजे फक्त नवरा-बायको नव्हेत. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, शिकायला येऊन राहिलेला भाचा, यांचीही पार्श्वभूमी तपासणी आणि बोटांचे ठसे लागू शकतात. सासूबाई मार्चमध्ये येणार आणि होम स्टडी फेब्रुवारीत पूर्ण झाली, तर तेही एजन्सीला कळवा. शिवाय 18 वर्षांचे झाल्यापासून ज्या ज्या देशात आणि राज्यात राहिलात, तिथल्या बाल-अत्याचार नोंदी तपासाव्या लागतात. पुण्यात कॉलेज, बंगळुरूत नोकरी, दोन वर्षं सिंगापूर, मग टेक्सास, असा प्रवास असेल तर पत्त्यांची यादी तारखांसह आजच बनवायला घ्या. सिंगापूरचा 2011 चा पत्ता आठवायला रात्र जाते.

> तपासा: होम स्टडीत मुलाचं वय आणि विशेष गरजांची मर्यादा लिहिलेली असते. 'शून्य ते चार, किरकोळ आजार' असं लिहून घेतलंत आणि नंतर पाच वर्षांच्या मुलीवर मन बसलं, तर होम स्टडी आणि अमेरिकेची मंजुरी दोन्ही बदलून घ्यावी लागतात. मनापासून जेवढं झेपेल तेवढं रुंद लिहा. झेपणार नाही ते नुसतं रांग लवकर सरकावी म्हणून लिहू नका.

5. आय-800ए

होम स्टडी तयार झाली की सहा महिन्यांच्या आत आय-800ए दाखल करा. त्याहून जुनी होम स्टडी चालत नाही. ठशांची तारीख येते, मग मंजुरी. ती 15 महिने टिकते. भारतातली रांग त्याहून लांब असू शकते, म्हणून मुदतवाढीसाठीचा पुरवणी फॉर्म मंजुरी संपण्याच्या बऱ्याच आधी भरायचा असतो. फोनच्या कॅलेंडरमध्ये बाराव्या महिन्याचा अलार्म लावा. घर बदललं, नोकरी बदलली, बाळ झालं, तरी होम स्टडी अद्ययावत करावी लागते.

6. कागदपत्रं आणि अपोस्टील

मंजुरी हातात आल्यावर एजन्सी काराच्या 'केअरिंग्ज' पोर्टलवर तुमची नोंदणी करते. होम स्टडी, विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट, ओसीआय, उत्पन्न, आरोग्य, पोलीस पडताळणी, आणि तुम्हा दोघांना काही झालं तर मुलाला सांभाळू असं एखाद्या जवळच्या माणसाचं हमीपत्र. हे हमीपत्र कोण देणार, हे घरात आधी बोलून घ्या. ऐनवेळी फोनवर विचारलं की लोक गडबडतात.

कागद नोटरी करून अपोस्टील (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करायचे असतात. न्यू जर्सीच्या नोटरीनं सही केलेला कागद न्यू जर्सीच्याच कार्यालयातून अपोस्टील होतो, तुम्ही आता पेनसिल्व्हेनियात राहत असलात तरी. न्यूयॉर्कच्या नोटरीची सही आधी काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते. एफबीआयसारख्या केंद्रीय संस्थेचा कागद असेल तर अपोस्टील वॉशिंग्टनहून. म्हणून शक्य तेवढे सगळे कागद एकाच राज्यात, एकाच नोटरीकडून, एकाच दिवशी करून घ्या.

अपोस्टीलचं पान मूळ कागदाला स्टेपल केलेलं येतं. नीट स्कॅन व्हावं म्हणून ती पिन काढण्याचा मोह होतो. काढू नका. पिनेच्या जागी दोन भोकं दिसली की कागद बदलला असावा अशी शंका घेतली जाते आणि तो परत करावा लागतो. पान दुमडून स्कॅन करा.

नावांचा घोळही आपल्याकडे ठरलेला. दाखल्यावर 'स्मिता विनायक जोशी', विवाह प्रमाणपत्रावर तेच, भारतीय पासपोर्टवर 'स्मिता अमोल कुलकर्णी', अमेरिकन पासपोर्टवर मधलं नाव गायब, आणि लग्नात नाव बदललं असेल तर जुन्या कागदांवर आणखीच तिसरं नाव. ही सगळी एकच बाई आहे हे आपल्याला दिसतं, कागद तपासणाऱ्याला दिसत नाही. सगळ्या नावांची यादी देणारं एकच प्रतिज्ञापत्र करून ते फाइलच्या सुरुवातीलाच लावा.

7. रेफरल: 96 तास

तुमचा नंबर आला की पसंतीच्या गटात उपलब्ध असलेल्या मुलांची माहिती एजन्सीला येते, साधारणपणे दोन मुलांची. त्यातलं एक राखून ठेवायला 96 तास मिळतात. त्या वेळात उत्तर दिलं नाही तर दोन्ही नावं निघून जातात. राखल्यानंतर बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवालावर सही करून स्वीकारायला 30 दिवस असतात.

96 तास म्हणजे चार दिवस, त्यात शनिवार-रविवार येणार. म्हणून बालरोगतज्ज्ञ आधी ठरवून ठेवा, शक्यतो आंतरराष्ट्रीय दत्तकाचे अहवाल वाचायची सवय असलेला. वाढीचे आकडे, विशेषतः डोक्याचा घेर आणि तो महिन्यागणिक कसा वाढला, रक्ततपासण्या, हृदयाचा अहवाल असेल तर तो, आणि अलीकडचा व्हिडिओ त्याला दाखवा. नसलेली माहिती संस्थेकडून मागवण्यासाठी तीस दिवस आहेत, ते वापरा. संस्थेतल्या मुलांची वाढ वयाच्या मानानं मागे असणं नेहमीचं आहे, आणि खूपदा घरी आल्यावर ती भरून निघते. कोणती भरून निघेल आणि कोणती नाही, हे डॉक्टरनं सांगायचं, व्हॉट्सॲप ग्रुपनं नाही.

नाही म्हणावं लागलं तर नाही म्हणा. अपराधी वाटून घेतलेलं 'हो' मुलाला पुढे जास्त महाग पडतं.

आणखी एक. 'मूल महाराष्ट्रातलंच मिळेल ना, मराठी बोलणारं?' हे आजी हमखास विचारतात. मूल ओडिशातलं, बिहारमधलं, तमिळनाडूतलंही असू शकतं. चार वर्षांची मुलगी असेल तर पाणी, शू, दुखतंय, झोप, भीती वाटते एवढे शब्द तिच्या भाषेत दोघांनी पाठ करून जावेत. घरात मराठी आपोआप येईल, पण पहिल्या आठवड्यात तिला तहान लागल्याचं तुम्हाला कळायला हवं.

8. इथून पुढे एकही पायरी ओलांडायची नाही

क्रम असा:

1. स्वीकृतीनंतर अमेरिकेत आय-800 दाखल, त्याची तात्पुरती मंजुरी.
2. मुलाच्या व्हिसासाठी डीएस-260 हा ऑनलाइन फॉर्म. मग दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाकडून हेग कराराच्या कलम 5 चं पत्र, म्हणजे अमेरिकेचा लेखी होकार.
3. ते पत्र मिळाल्यावर काराची एनओसी.
4. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि दत्तक आदेश.
5. काराकडून कलम 23 चं प्रमाणपत्र, म्हणजे दत्तक हेग करारानुसार झाल्याचा दाखला.
6. दत्तक पालकांच्या नावानं जन्मदाखला, मग भारतीय पासपोर्ट.
7. व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी, दूतावासात मुलाखत, व्हिसा.

कलम 5 चं पत्र येण्याआधी दत्तक आदेश किंवा ताबा घेतला की केस बिघडते. 'साहेब ओळखीचे आहेत, आदेश लवकर काढून देतील' ही या प्रक्रियेतली सगळ्यात घातक मदत.

दत्तक आदेश 1 सप्टेंबर 2022 पासून न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात. त्याआधी मूल आणलेल्या मित्राचा अनुभव प्रेमानं ऐका, पण त्याची चेकलिस्ट वापरू नका. आदेश अर्जानंतर दोन महिन्यांत द्यावा अशी नियमात मुदत आहे. निवडणुका, बदल्या, सुट्ट्या लागल्या की ती लांबते. परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा.

> तपासा: आदेश, जन्मदाखला आणि पासपोर्ट या तिन्हींवर मुलाच्या नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर एकच आहे का? संस्थेच्या कार्यालयात बसूनच वाचा. बाहेर पडल्यावर एक अक्षर दुरुस्त करायला आठवडे जातात.

वैद्यकीय तपासणी दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरकडेच होते. दोन ते चौदा वर्षांच्या मुलांची क्षयरोगासाठी रक्ततपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर एक्स-रे, आणि त्यातही शंका आली तर थुंकीचं कल्चर, ज्याला आठ आठवडे लागतात. दोघांपैकी एकाला तेवढं थांबता येईल अशी रजा कागदावर आधीच मांडून ठेवा.

9. घरी पोचल्यावरचे कागद

भारतात पूर्ण दत्तक झालेलं मूल आयएच-3 व्हिसावर येतं. 18 वर्षांखालचं असेल तर कायम निवासी म्हणून अमेरिकेत प्रवेश करताच, नागरिक पालकाच्या ताब्यात, ते अमेरिकन नागरिक होतं. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालानं येतं, वेगळा अर्ज लागत नाही. पत्ता बदलणार असाल तर आधी कळवा. सोशल सिक्युरिटी आणि अमेरिकन पासपोर्ट त्यानंतर. तुमच्या राज्यात दत्तकाची नोंद करून तिथला जन्मदाखलाही काढून घ्या. शाळेत दर वेळी भारतातला आदेश दाखवत बसायला नको.

अमेरिकन नागरिक झालं की भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही. तो सरेंडर करून ओसीआयसाठी अर्ज करायचा. पहिल्या दिवाळीला भारतात जायचं ठरवून, मग हे काम आठवणारी घरं कमी नाहीत.

काराला दोन वर्षं अहवाल जातात: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. एजन्सीची सोशल वर्कर ते लिहिते. मूल रात्री उठून रडतं, डब्यातलं खाणं उशीखाली लपवतं, आईला जवळ येऊ देत नाही, हे तिच्यापासून लपवू नका. ती मूल परत न्यायला आलेली नसते. तुमच्या गावातला योग्य थेरपिस्ट कोण, हे बहुतेकदा तिलाच माहीत असतं.